ब्लॉकचेनचे प्रमाणपत्र लावले म्हणजे आदिवासी चित्र अस्सल ठरते का?

माटोळी, फोंडा

नमस्कार. गेली सहा वर्षे मी फोंड्याहून एक लहानसे ऑनलाइन दुकान चालवते. पालघर जिल्ह्यातल्या दोन कुटुंबांकडून येणारी वारली चित्रे, पिंगुळीच्या ठाकर कलाकारांची चित्रकथी आणि हातमागावर विणलेले कुणबी कापड एवढाच माझा माल असतो. (गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, आमच्याकडे लुगड्याला कापडच म्हणतात.)

मागच्या दिवाळीत पुण्याच्या एका ग्राहकाने माझ्याकडून ₹४,५००ला घेतलेले वारली चित्र परत पाठवले. हुबेहूब तेच चित्र, म्हणजे तारपा वाजवणाऱ्याभोवतीचा तोच फेर आणि कोपऱ्यातला तोच मागे वळून पाहणारा कुत्रा, त्यांना दुसऱ्या एका संकेतस्थळावर ₹४९९ला 'हँडमेड ट्रायबल आर्ट' या नावाने दिसले होते. ती छापील प्रत होती आणि माझ्याच दुकानातल्या फोटोवरून उचललेली होती. पण ग्राहकाच्या दृष्टीने दोन विक्रेते एकाच चित्रावर हक्क सांगत होते आणि त्यांतला एक जण नऊपट पैसे मागत होता.

त्यानंतर एका कंपनीचा प्रस्ताव आला आहे. प्रत्येक चित्राची नोंद ब्लॉकचेनवर करायची, चित्रामागे क्यूआर कोड चिकटवायचा आणि ग्राहकाने तो स्कॅन केला की कलाकाराचे नाव, गाव, समाज व तारीख दिसायची. दर नगाला ₹१८० आणि वर्षाचे वेगळे शुल्क. ही नोंद जगात कोणालाही खोडता येणार नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. त्यासाठी त्यांना कलाकारांचे आधार क्रमांक आणि जमातीच्या दाखल्याच्या प्रती हव्या आहेत, आणि माझे पाऊल नेमके येथे अडखळले. या खर्चाने माझ्या ग्राहकाची शंका खरोखर फिटेल का? आणि हे कागद मी कलाकारांकडे मागणे योग्य आहे का?

कुळागर, पर्वरी

माटोळीताई, मी याच क्षेत्रात काम करतो, त्यामुळे आधी तांत्रिक बाजू सांगतो आणि दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर अधिक जाणत्यांवर सोडतो.

ब्लॉकचेन ही अनेक संगणकांवर एकाच वेळी ठेवलेली वही आहे. तिच्यातले प्रत्येक पान मागच्या पानाचा हॅश, म्हणजे गणिती ठसा, स्वतःवर बाळगते; त्यामुळे मधले एखादे पान बदलले तर पुढची सगळी पाने विसंगत ठरतात आणि लबाडी उघडी पडते. ती वही एवढेच सांगू शकते, की अमुक मजकूर अमुक वेळी लिहिला गेला आणि त्यानंतर त्यात बदल झालेला नाही. तो मजकूर लिहिला तेव्हा खरा होता की नाही, हे तिला कधीही कळत नाही. छापील चित्राला 'हाताने रंगवलेले' म्हणून नोंदवले तर ती थापसुद्धा तितक्याच अढळपणे जपली जाईल. खोडता न येणे हा गुण म्हणून विकला जातो. चुकीच्या नोंदीच्या बाबतीत तोच दोष होतो.

दुसरी अडचण चित्र आणि नोंद यांच्या गाठीची आहे. फोटोच्या फाइलचा हॅश काढला तर तो त्या फाइलचा असतो, चित्राचा नव्हे. तेच चित्र त्याच खिडकीपाशी पुन्हा टिपले तरी हॅश पूर्णपणे वेगळा येतो. व्हॉट्सअॅपवरून साधा फोटो पाठवला की तो दाबून लहान केला जातो आणि तेथेही हॅश बदलतो. कलाकाराच्या फोनमधला मूळ फोटो आणि तुमच्याकडे पोहोचलेला फोटो एकच आहेत, हे मग हॅशवरून दाखवता येत नाही. म्हणून गाठ प्रत्यक्ष वस्तूवर बांधावी लागते. क्यूआर कोड हे त्यासाठी सर्वांत कच्चे साधन आहे, कारण तुमच्या एका कोडचा फोटो काढून तो हजार छापील प्रतींवर लावता येतो आणि प्रत्येक प्रत स्कॅन केली की तुमच्याच कलाकाराचे नाव येते. एनएफसी चिपमध्ये (फोन टेकवला की वाचता येणारी लहान चिप) असे प्रकार मिळतात, की दर स्पर्शाला नवा सांकेतिक आकडा तयार होतो आणि सोलून काढली की आतली तार तुटते. त्या नकलायला अवघड असतात, मात्र महाग पडतात.

कंपनीला तीन गोष्टी लेखी विचारा: नोंद सार्वजनिक साखळीवर (ब्लॉकचेनलाच आम्ही साखळी म्हणतो) होते की त्यांच्या खासगी साखळीवर, फोटो व माहिती प्रत्यक्षात कोठे साठवली जाते, आणि कंपनी बंद पडली तर काय. पुष्कळदा साखळीवर केवळ दुवा असतो आणि चित्र कोणाच्या तरी साध्या सर्व्हरवर. एफटीएक्स हे क्रिप्टो बाजारकेंद्र २०२२ मध्ये बुडाले, तेव्हा तेथून निघालेल्या कित्येक एनएफटींचे, म्हणजे चित्रांच्या मालकीची खूण म्हणून साखळीवर नोंदवलेल्या टोकनांचे, असेच झाले: टोकन साखळीवर जागेवर होते, पण चित्राचा दुवा दिवाळखोरीच्या माहितीपानावर जाऊन पोहोचत होता.

वीज फार लागते हा आक्षेप मात्र आता सरसकट घेता येत नाही. इथेरियम या मोठ्या सार्वजनिक साखळीने सप्टेंबर २०२२ मध्ये नोंदी पडताळण्याची पद्धत बदलली आणि त्याचा वीजवापर ९९ टक्क्यांहून अधिक घटला. शिवाय तुम्हाला निव्वळ वेळेचा पुरावा हवा असेल, तर ओपनटाइमस्टॅम्प्ससारखी सोय बिटकॉइनच्या साखळीवर फुकट उपलब्ध आहे. ₹४९९वाल्याच्या आधी हे चित्र तुमच्या हाती होते, हे दाखवायला ती पुरेशी ठरली असती.

मांडवी, म्हापसा

मी नोकरीनिमित्त बरीच वर्षे ब्रिस्बेनला होतो. ऑस्ट्रेलियातील आदिवासी कलेच्या बाजारात हाच प्रश्न अधिक मोठ्या प्रमाणावर उभा आहे, म्हणून तेथले प्रसंग सांगतो.

बिरुबी आर्ट नावाची एक घाऊक कंपनी बूमरँग, डिजेरिडू आणि रंगवलेले दगड 'अॅबोरिजिनल आर्ट', 'हँड पेंटेड' अशा शब्दांनिशी विकत होती. जुलै २०१५ ते नोव्हेंबर २०१७ या काळात तिने अशा १८ हजारांहून अधिक वस्तू विकल्या. त्या इंडोनेशियात बनलेल्या होत्या. तेथल्या ग्राहक आयोगाने खटला भरला, २०१८ मध्ये संघीय न्यायालयाने ग्राहकांची दिशाभूल झाल्याचे ठरवले आणि २०१९ मध्ये २३ लाख डॉलरचा दंड केला. तोवर कंपनी अवसायनात गेली होती, हा भाग वेगळा. येथे लबाडी पकडली गेली ती लेबलावरील शब्दांना कायद्याने जबाबदार धरल्यामुळे, कोणत्याही तंत्रामुळे नव्हे.

प्रमाणपत्राचा प्रयोगही तेथे होऊन गेला आहे. १९९९च्या सुमारास 'लेबल ऑफ ऑथेंटिसिटी' नावाची खूण काढण्यात आली आणि तीन-चार वर्षांतच ती गुंडाळली गेली. कलाकारांनी ती पुरेशा संख्येने घेतलीच नाही. आपण आदिवासी आहोत हे सिद्ध करणारे कागद कलाकारानेच आणून द्यायचे, ही अट अनेकांना जाचक वाटली. नकली माल विकणाऱ्याला मात्र कोणताही अर्ज भरायचा नव्हता. तुमचे पाऊल जेथे अडखळले ती जागा हीच आहे.

याउलट कॅनडातील इनुइट शिल्पांना लावली जाणारी 'इग्लू टॅग' ही साधी चिठ्ठी १९५८ पासून चालत आली आहे. आरंभी ती सरकारच्या हाती होती, २०१७ मध्ये ती इनुइट आर्ट फाउंडेशनकडे आली. तिच्यात गणित शून्य आहे. ती चिठ्ठी लावण्याचा अधिकार कोणाला आहे हे ठरलेले आहे, आणि विचारायला गेले तर उत्तर देणारे कोणी तरी जागेवर असते.

थोडे विषयाला लागून एक सांगावेसे वाटते. कॅनडा सरकारने १९४० च्या दशकात इनुइट लोकांना नावांऐवजी क्रमांकाचे बिल्ले दिले होते, आणि पुढे काही शिल्पकार आपल्या शिल्पाच्या तळाशी तोच क्रमांक कोरू लागले. संग्राहक आज त्या आकड्यांवरून शिल्पकार ओळखतात. ओळखपत्राचे आकडे कलेला चिकटले की कोठवर जातात, हे लक्षात असावे.

ओसरी, पेडणे

माझे माहेर कुडाळ तालुक्यातले, त्यामुळे पिंगुळीची चित्रे मी कागदावर वाळत घातलेली पाहिली आहेत. वरच्या चर्चेत 'अस्सल' हा शब्द सगळ्यांनी ठरलेला असल्यासारखा वापरला आहे. तो तसा नाही.

चित्रकथी ही भिंतीवर टांगायची वस्तू मुळात नव्हतीच. रामायण-महाभारतातल्या कथांचे प्रसंग कागदावर रंगवून त्यांची पोथी करायची आणि एकेक चित्र समोर धरून कथा गात सांगायची, असे तिचे रूप होते. कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या छायाबाहुल्या याच घरांतल्या, आणि सावंतवाडी संस्थानाचा या कलेला आश्रय होता. त्या परंपरेत चित्राखाली सही करण्याची रीत नव्हती, आणि जुन्या चित्रावरून नवे रंगवणे हे चोरीचे नव्हे, शिकण्याचे काम होते. पिंगुळीचे कलाकार परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाल्यानंतर मागणी वाढली आणि 'ओरिजिनल आहे का?' ही विचारणाही वाढली. आजोबांच्या पोथीतल्या प्रसंगावरून नातवाने रंगवलेले चित्र ओरिजिनल की प्रत? कंपनीच्या अर्जात त्यासाठी कोणता रकाना आहे?

वारलीचेही तसेच. लग्नघरी तांदळाच्या पिठाने चौक, म्हणजे भिंतीवरचे चौकोनी विधिचित्र, लिहायचा तो सुवासिनींनी, आणि त्यात पालघाट देवी बसवायची. कागदावर आणि कापडावर येऊन ती कला जगभर गेली, त्यात जिव्या सोमा मशे यांचा वाटा फार मोठा आहे. ते पुरुष होते आणि त्यांनी विवाहविधीच्या बाहेर रोजच्या रोज चित्रे काढली. त्या काळी कोणी 'अस्सल'ची व्याख्या साखळीवर कोरून ठेवली असती, तर त्यांचेच काम तिच्यात बसले नसते.

कुणबी कापडाबाबत तर आणखी जपून बोलायला हवे. गावडा, कुणबी आणि वेळीप या समाजांना गोव्यात २००३ मध्ये अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. पण कापड नेसणारा समाज आणि ते विणणारे हात एकच असतील, असे धरून चालू नये. गोव्याचे फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी ते कापड पुन्हा चर्चेत आणले, तेव्हापासून चौकडीची लाल-पांढरी ओढणीसुद्धा 'कुणबी' म्हणून विकली जाते. त्यातले यंत्रमागावरचे किती आणि नुसते छापलेले किती, हे सांगायला कापड हातात घेऊन उलटी बाजू पाहावी लागते. दाखला कोणाचा जोडणार, विणकराचा की नेसणारीचा? माझ्या मते तुम्ही 'कुणबी पद्धतीचे, हातमागावरचे, अमुक गावी विणलेले' असे तीन वेगळे दावे वेगवेगळे लिहावेत. त्यांतला प्रत्येक तपासता येतो. 'अस्सल आदिवासी' हा एकच दावा मात्र तपासता येत नाही.

दिवजां, मडगाव

मी वकिली करते. मांडवीबाबांचा मुद्दा आपल्याकडे कोठे बसतो, एवढेच सांगते.

भौगोलिक निर्देशनाचा, म्हणजे जीआयचा, कायदा १९९९चा असून तो सप्टेंबर २००३ पासून लागू झाला. वारली चित्रकलेला २०१४ मध्ये ही नोंदणी मिळाली. नोंदणी समूहाच्या नावे असते, पण त्याखाली प्रत्येक कलाकाराला 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून स्वतःचे नाव स्वतंत्रपणे नोंदवता येते. तुमच्या दोन वारली कुटुंबांची ही नोंद झाली आहे का, हे पहिल्यांदा पाहा. झाली नसल्यास ₹१८० प्रमाणे होणारा पहिल्या वर्षीचा खर्च त्या अर्जाच्या कामी लावणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. जीआयचे खोटे लेबल लावणे हा फौजदारी गुन्हा आहे. आणखी असे, की नोंदणीकृत जीआयवरचा हक्क कलम २४ प्रमाणे कोणाला विकता, हस्तांतरित करता वा परवान्याने देता येत नाही. तेव्हा कोणत्याही कंपनीच्या करारात 'प्रमाणनाचे अनन्य हक्क' असा शब्दप्रयोग आढळला, तर सही करू नका.

मात्र जीआयचीही मर्यादा आहे. कोल्हापुरी चपलेच्या वादात ती सर्वांना दिसली. २०१९ पासून महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या मिळून आठ जिल्ह्यांसाठी जीआय असूनही २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन मंचावर तशाच चपला अवतरल्या. त्याविरुद्धची जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयाने फेटाळली, कारण दाद मागण्याचा हक्क नोंदणीधारकांचा होता आणि याचिकाकर्ते ते नव्हते. हक्क ज्याचा त्यानेच उभे राहावे लागते; त्रयस्थ हितचिंतकाला ते करता येत नाही, मग तो वकील असो वा ब्लॉकचेन कंपनी.

तुमच्या मूळ तक्रारीत तर जीआयचीही गरज नव्हती. शैलीवर कोणाचा स्वामित्वहक्क नसतो, पण विशिष्ट चित्रावर ते काढणाऱ्या कलाकाराचा असतो, आणि तुमच्या फोटोवर तुमचा. त्या संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्याकडे कलाकाराच्या नावाने अर्ज करा. कुळागर यांनी सांगितलेला वेळेचा पुरावा तेथे उपयोगी पडेल.

पुनर्विक्रीत कलाकाराला आपोआप वाटा मिळेल, असे या कंपन्या हमखास सांगतात. तो हक्क आपल्या स्वामित्वहक्क कायद्याच्या कलम ५३अ मध्ये पूर्वीपासून आहे: मूळ चित्र ₹१०,०००हून अधिक किमतीला पुन्हा विकले गेले, तर कलाकाराला किंवा वारसांना किमतीत वाटा, कमाल १० टक्क्यांपर्यंत. तो मागायला कोणी जात नाही, कारण चित्र पुढे कोणाकडे गेले हे कलाकाराला कळतच नाही. साखळीवर नोंद असल्यास ते कळू शकेल, हे मान्य. पण दोन ग्राहकांनी रोखीने आपसात व्यवहार केला, तर साखळीला त्याचा पत्ता लागणार नाही.

आधार क्रमांक आणि जमातीचा दाखला यांबाबत माझे मत स्पष्ट आहे: देऊ नका. वैयक्तिक विदा संरक्षणाचा २०२३चा कायदा संमती मागे घेण्याचा आणि माहिती खोडून मागण्याचा हक्क देतो. जी वही खोडताच येत नाही, तिच्यात ही माहिती घालणे म्हणजे तो हक्क आधीच गमावणे. ओळख दाखवायचीच असेल, तर हस्तकला विकास आयुक्तांचे 'पहचान' ओळखपत्र पुष्कळ कारागिरांकडे असते. ते तुम्ही पाहावे, खातरजमा करावी आणि परत द्यावे.

माटोळी, फोंडा

सर्वांचे मनापासून आभार. उत्तराला तीन आठवडे लागले, कारण मध्यंतरी मी पिंगुळीला जाऊन आले आणि पालघरच्या दोन्ही घरांशी फोनवर बोलले.

वारली कुटुंबांपैकी एकाची अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद आहे, दुसऱ्याची नाही; त्यांचा अर्ज भरायला घेतला आहे. ₹४९९वाल्या संकेतस्थळाने कलाकाराच्या नावाने तक्रार केल्यावर ते पान पाच दिवसांत काढले. पुण्याच्या ग्राहकांना मी सगळा पत्रव्यवहार पाठवला. चित्र त्यांनी पुन्हा मागवलेले नाही, हेही सांगायला हवे.

पिंगुळीच्या आमच्या ज्येष्ठ कलाकारांना मी हे सगळे जमेल तसे समजावून सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि आतून एक जाड वही आणून दाखवली. कोणत्या पोथीतला प्रसंग, कोणी रंगवला, कोणाला दिला, असे त्यात गेल्या अकरा वर्षांचे लिहिलेले होते, आणि मला या वहीची कल्पनाच नव्हती. त्यांचे म्हणणे असे, की क्रमांक घालायचा तर तो या वहीतला घालावा, कंपनीचा नको. चित्रामागे त्यांच्या हातचे अक्षर असावे, आणि सुनेने रंगवले असेल तर सुनेचे नाव असावे. आजवर मी सगळी चित्रे त्यांच्याच नावाने विकत होते. त्यांतली निम्मी सुनेची निघाली.

कंपनीला नकार कळवला आहे. चित्रामागे काय लिहायचे ते ठरले. आता वहीचे काय करावे, एवढे कुळागर यांनी सांगावे. कुणबी कापडाला चिप लावावी की नाही, हेही ठरत नाही.

कुळागर, पर्वरी

वही त्यांच्याच घरी राहू द्या. महिन्याअखेरीस त्या महिन्याची पाने आणि चित्रांचे फोटो त्यांनी फोनवर टिपून तुम्हाला व्हॉट्सअॅपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावेत, म्हणजे फाइल दाबली जाणार नाही. त्या सर्व फाइल एकत्र करून एकच वेळेची नोंद ओपनटाइमस्टॅम्प्सवर करा आणि ती एकत्र केलेली फाइल व मिळालेली लहान फाइल, दोन्ही तीन ठिकाणी जपा: त्यांच्याकडे, तुमच्याकडे आणि एखाद्या पेनड्राइव्हवर. साखळीवर हॅशखेरीज काहीच जात नाही. नाव, गाव, समाज यांपैकी काहीही नाही. ग्राहकाने विचारले, तर वहीच्या पानाचा फोटो दाखवा आणि त्यांची परवानगी असेल तर फोन जोडून द्या.

कापडाला चिप नको. धुण्यात आणि आपल्या पावसाळ्यात डिंक टिकत नाही, मी स्वतः वेर्ण्याच्या एका गोदामात चिकटवलेल्या दीडशे चिपांपैकी अर्ध्याअधिक जुलैअखेर जमिनीवर पाहिल्या आहेत. विणकराच्या हस्ताक्षरातली सुती पट्टी काठाच्या आतल्या बाजूने शिवून घ्या.

ओसरी, पेडणे

पट्टी शिवताना दोरा पांढरा वापरा. लाल दोऱ्याचा रंग पहिल्या धुण्यात पांढऱ्या चौकडीत उतरतो.